बापाकडून आलेलं

कृपादान पाटोळे अत्तर लावत नाही. सुगंधी साबण नाही, वासाचं तेल नाही. नाताळात सगळं भिंगार घमघमत असलं तरी हा गडी नुसत्या धुतलेल्या कपड्यांत मिशनच्या देवळात जाऊन बसतो. लग्नात कुणी मनगटाला अत्तर चोळायला आलं की हात मागं घेतो. लोकांनी याचे हवे तसे अर्थ लावले. कुणी म्हणालं, बायको गेल्यापासून त्याचं मन उडालं. कुणी म्हणालं, फार देवभोळा आहे. मी त्याच्याबरोबर एका संस्थेत निम्मं आयुष्य काढलं, त्यामुळं मला खरं कारण ठाऊक आहे. ते उंदरांचं आहे. नुकत्याच व्यालेल्या उंदरिणीच्या पिलांना वासाचा हात लागला तर ती बिथरते, कधीकधी पिलं खाऊन टाकते. म्हणून यानं आयुष्यभर अंगाला वास लागू दिला नाही. आता नोकरी सुटली, उंदराला हात लावायचा प्रश्न उरला नाही, तरीही लावत नाही.

मी त्या संस्थेत स्टोअर सांभाळायचो. संस्थेचं नाव सांगत बसत नाही. नगरपासून लांब नाही, मोठं फाटक आहे, आत गुलमोहर आहेत, आणि आतल्या लोकांना वाटतं की आपलं काम बाहेरच्यांना कळत नाही. बाहेरच्यांना खरंच कळत नाही. प्रयोगाचे उंदीर कृपादान सांभाळायचा. त्या उंदीरघराला लागणाऱ्या खाद्याच्या गोळ्या, भाताचं तूस, पाण्याच्या बाटल्या, हातमोजे हे सगळं माझ्याकडून जायचं आणि ते न्यायला कृपादान यायचा. लागेल तेवढंच मागायचा. एक हातमोजा कधी जास्त नेला नाही. असल्या माणसांचा मला जरा रागच येतो, पण याचा कधी आला नाही.

त्याच्याबद्दलची एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, कारण तो स्वतःच सांगायचा. "मी टाकलेला हाय, भाऊसाहेब." एखादा माणूस मी डावरा आहे म्हणून सांगतो, तसं सांगायचा. बहात्तरच्या दुष्काळात त्याची आई त्याला खर्ड्याकडच्या एका वस्तीवरून नगरला घेऊन आली. तेव्हा तो पाचेक वर्षांचा होता. मिशनच्या बोर्डिंगच्या व्हरांड्यात तिनं त्याला बसवलं, "बस हितं" म्हणाली, आणि गेली. ती परत आली नाही. बोर्डिंगवाल्यांनी त्याला वाढवलं, शिकवलं, पुढं या संस्थेत चिकटवूनही दिलं.

"जाताना तिनं दोनी हात पदराखाली घेतलं हुतं," तो सांगायचा. "एकदाबी वळून बघितलं न्हाई. डोक्यावरून हात फिरवंल म्हनून मी आपला मान पुढं करून बसलो हुतो." एवढं बोलून झालं की तुसाचं पोतं खांद्यावर घेऊन निघून जायचा.

त्याची बायको दया मूत्रपिंडाच्या दुखण्यानं गेली, तेव्हा मुलगी ग्लोरिया तिसरीत होती. दुसरं लग्न कर म्हणून आम्ही सगळे त्याच्या मागं लागलो. तो म्हणाला, सावत्र आई आनून पोरीला परत टाकायची का? आणि त्यानं पोरीचं सगळं केलं. वेण्या घालायला शिकला. तेल मात्र बिनवासाचं गोडंतेल, त्यामुळं वर्गातल्या पोरी ग्लोरियाला भज्यांचा वास येतो म्हणून चिडवायच्या. ती रडत घरी यायची, आणि हा तिला उंदरिणींच्या गोष्टी सांगून हसवायचा. पोरगी मोठी झाली, बालवाडीत शिकवायला लागली, कोपरगावच्या नोहा नावाच्या मास्तराशी तिचं लग्न झालं. लग्नात कृपादान एवढा रडला की नवरीकडं कुणाचं लक्षच गेलं नाही.

आता उंदरांचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

संस्थेत पंकजा मॅडम म्हणून एक शास्त्रज्ञ होत्या. चांगली बाई. त्यांची एक सवय होती, हाताखालच्या प्रत्येकाला काम समजावून सांगायची. झाडणाऱ्या बाईलाही सांगायच्या. हा गुण म्हणायचा की दोष, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांच्या प्रयोगात काळ्या उंदरिणींचा एक वंश होता. त्यातल्या काही उंदरिणी व्यायच्या, पण आई व्हायच्या नाहीत. कागदाचे तुकडे दिले तरी घरटं करायच्या नाहीत. पिलं पिंजऱ्यात इकडं तिकडं पडलेली असली तरी गोळा करायच्या नाहीत. हुंगायच्या आणि बाजूला जाऊन बसायच्या. नव्या पिलाची कातडी इतकी पातळ असते की त्याच्या पोटातलं दूध पांढऱ्या ठिपक्यासारखं बाहेरून दिसतं. या उंदरिणींच्या पिलांच्या पोटात तो ठिपकाच नसायचा. सकाळी ती गार पडलेली पिलं उचलायचं काम कृपादानचं होतं.

हे का होतं ते मॅडमनी त्याला सांगितलं आणि त्यानं माझ्या काउंटरवर पाण्याच्या दोन बाटल्या मांडून मला सांगितलं.

"ही आईकडून आल्याली, ही बापाकडून आल्याली," तो म्हणाला. "परत्येक गोष्टीच्या अशा दोन असत्यात. जनावर दोन्हीतलं पितं. पन काही थोड्या जागी आईकडच्या बाटलीला बूच मारल्यालं असतं. तिथं पानी फकस्त बापाकडचंच येतं. आता ही बापाकडची फुटकी निघाली तर? आईकडची भरल्याली हाय, पन बूच कोन काढनार?"

"आणि आईकडची फुटकी असली तर?" मी विचारलं.

"तर काय कळतच न्हाई. तिच्यातलं कुनी पीतच न्हाई ना. जनावर एकदम ठणठणीत. पन फुटकी बाटली तर त्याच्यापाशी राहतीच. ते नर असलं तर त्याच्या पोरींना ती बापाकडची म्हनून जाती. मग तिथं वर येतं."

"म्हणजे एक पिढी गप्प बसून?"

"व्हय," कृपादान म्हणाला. आणि मग बराच वेळ त्या बाटल्यांकडं बघत उभा राहिला. मला वाटलं, हिशेब जुळवतोय.

उंदरिणीत आईपण आहे की नाही हे बघायची एक रीत होती. तिची पिलं घरट्यातून काढून पिंजऱ्याच्या लांबच्या कोपऱ्यांत ठेवायची आणि आपण बाजूला व्हायचं. समोर माणूस दिसला तर ती बुजते, म्हणून दाराआड उभं राहून बघायचं. चांगली उंदरीण धावत सुटते, एकेक पिलू तोंडात धरून घरट्यात आणते. आईपण नसलेली बसून राहते. मग तिची उरलेली पिलं दुसऱ्या पाजत्या उंदरिणीकडं द्यायची. देताना त्या दुसरीच्या पिंजऱ्यातलं तूस पिलांच्या अंगाला चोळायचं, म्हणजे तिला ती आपलीच वाटतात. या कामात कृपादानचा हात फार हलका होता. त्यानं दिलेलं पिलू ती दुसरी सहसा नाकारायची नाही.

गेल्या साली ग्लोरिया पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. माहेर म्हणजे भिंगारमधल्या दोन खोल्या आणि एक बाप. शेजारी तौफिक वेल्डरचं घर, त्याची बायको हसीना नुकतीच बाळंत झालेली. तिनं बरंच अंगावर घेतलं. नगरच्या दवाखान्यात ग्लोरियाला मुलगा झाला. कृपादाननं संस्थेत पेढे वाटले आणि नातवाचं नाव अनुग्रह ठेवायचं असंही सांगून टाकलं, जावयाला विचारायच्या आधी.

घरी आल्यावर काही दिवसांतच पोरीचं काहीतरी बिनसलं. ती बोलेना. झोपेना. भिंतीकडं बघत बसायची. बाळ रडलं की दचकायची, पण उचलायची नाही. हसीना बाळ आणून छातीशी लावायची तेव्हा पाजायची, तेही हात बाजूला ठेवून. मग मान फिरवायला लागली. बघायला आलेल्या बायका बोलायच्या ते बोलल्याच. लाडावलेली आहे, आई नाही ना शिकवायला, आजकालच्या पोरींना सगळं जड होतं. हसीना तेवढी म्हणत होती, डॉक्टरला दाखवा.

कृपादान नुसता बघत होता. ज्या नजरेनं त्यानं इतकी वर्षं पिंजऱ्यात बघितलं होतं, त्याच नजरेनं तो आपल्या पोरीकडं बघत होता, हे आम्हाला कुणाला कळलं नाही.

एक दिवस स्टोअरमध्ये आला. काही मागितलं नाही. नुसता उभा राहिला.

"भाऊसाहेब, मी बघितलं," तो म्हणाला.

"काय बघितलं?"

त्यानं सांगितलं. दुपारी ग्लोरिया कॉटवर बसली होती. त्यानं बाळाला उचललं, खोलीच्या लांबच्या कोपऱ्यात गोधडीवर ठेवलं, दूध आणायला जातो म्हणाला, बाहेर पडला, दार ओढून घेतलं आणि दाराआड उभा राहिला. फटीतून बघत.

"पोरगं रडाया लागलं. ती बघत हुती, भाऊसाहेब. सारखी त्याच्याकडंच बघत हुती. पन उठली न्हाई. दोनी हात मांडीखाली दाबून बसली हुती. पोरगं रडून रडून निळं पडलं. शेवटी मीच आत गेलो."

माझं डोकं फिरलं. "अरे, ती काय उंदरीण आहे का तुझी?" मी ओरडलो. दोन माणसं काउंटरवर उभी होती, त्यांनी वळून बघितलं.

"उंदरीन न्हाई," तो म्हणाला. "पन बाप तर हायच ना तिला." मग माझी कीव आल्यासारखा समजावून सांगायला लागला. "माझ्या आईत हुतं. मला तिच्याकडून आलं, म्हनून माझ्यात गप बसलं. पोरीला माझ्याकडून गेलं. आता वर आलं. सगळं जुळतंय, भाऊसाहेब. दयाकडची बाटली भरल्याली असंल, पन तिचं बूच कोन काढनार?"

मी त्याला वेडा म्हटलं, मूर्ख म्हटलं, आणखी काय काय म्हटलं. मॅडमना विचार म्हटलं. मॅडम तेव्हा कामासाठी परदेशी गेल्या होत्या आणि कित्येक महिने येणार नव्हत्या. त्यातून त्याला विचारायची गरजच वाटत नव्हती. मॅडमनीच तर सांगितलंय, म्हणाला. आता मी स्टोअरकीपर. उंदीर आणि माणूस यांत फरक आहे एवढं मला ठाऊक, पण तो फरक नेमका कुठं आहे ते मला सांगता येईना.

त्यानं पुढचं पाऊल उंदीरघराच्या रीतीप्रमाणंच टाकलं. हसीनाकडं गेला आणि तिची एक जुनी, न धुतलेली ओढणी मागितली. तिला वाटलं, बाळाला दुपटं हवंय. ओढणीत त्यानं अनुग्रहला गुंडाळलं, तिचा वास त्याच्या अंगाला लागेपर्यंत छातीशी धरून बसला, आणि मग नेऊन तिच्या हातात दिलं. "तुझ्या पोराबरोबर यालाबी पाज, बाई," म्हणाला. हसीनानं घेतलं. लेकराला नाही म्हणणारी ती बाई नव्हे. पण ती गप्पही बसणारी नव्हती. थोड्याच दिवसांनी भांडायला आली.

"काका, हा माझ्याकडं रडला की तिकडं तिचा झंपर ओला होतो. मी डोळ्यानं बघितलंय. तिला दूध फुटतंय, तुमी तिला दवाखान्यात का नेत न्हाई?"

"दूध आंगाचं असतं," कृपादान म्हणाला. "उचलनं आतलं असतं. ते तिच्यात न्हाईच."

"कुनी सांगितलं तुमाला?"

उंदरांनी, असं कसं सांगणार?

नोहा दर रविवारी कोपरगावहून यायचा. बायको त्याच्याशी बोलत नव्हती, बाळ शेजारच्या घरात. तो घाबरला. भला मुलगा, पण आईच्या धाकातला. त्यानं एक दिवस देवळाच्या पाळकसाहेबांना बरोबर आणलं, म्हणजे सासऱ्याला नीट विचारता येईल. आणि कृपादाननं नीट सांगितलं. पोरीला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून त्यानं सगळा दोष आपल्या अंगावर ओढून घेतला. पाळकसाहेबांसमोर हात जोडून म्हणाला, "नोहा, तिचा काय बी दोष न्हाई. हे माझ्या रक्तातून आलंय. माझी आई तशीच हुती. याला औषध न्हाई. पुढची पोरं झाली तरी ती उचलायची न्हाई. रागवायचं तर माझ्यावर रागव."

आतल्या खोलीत कॉटवर ग्लोरिया बसलेली होती आणि मधलं दार उघडं होतं.

पुढच्या रविवारी नोहा आईला घेऊन आला. साळूबाई म्हणजे नोहाची आई. तिनं हसीनाच्या घरातून नातवाला घेतलं. हसीनानं त्याच्या अंगाभोवतीची आपली ओढणी काढून घेतली नाही, तशीच राहू दिली. रिक्षा गेली. ग्लोरियाला कुणी विचारलं नाही. संध्याकाळी कृपादाननं तिच्यासमोर ताट ठेवलं तेव्हा तिनं थोडं खाल्लं. त्यालाही त्यानं पुरावाच मानला. पोरगं गेलं आणि हिला भूक लागतीय, असं मला म्हणाला. मी त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं.

मॅडम परत आल्या. पहिल्याच दिवशी कृपादान त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला. खोक्यांची पोच घ्यायला मी तिथंच होतो, म्हणून मला सगळं ऐकायला मिळालं. त्याला एकच गोष्ट विचारायची होती. आईकडच्या बाटलीचं असलं बूच काढायचं काही औषध परदेशात निघालंय का? मॅडमनी विचारलं, उंदरिणींसाठी? तो म्हणाला, न्हाई, माझ्या पोरीसाठी. मग त्यानं सगळं सांगितलं. आईचं, स्वतःचं, पोरीचं, दाराआडून बघितल्याचं, ओढणीचं, नोहाचं. मॅडमचा चेहरा उतरत गेला.

"कृपादान," त्या म्हणाल्या, "त्या उंदरिणींमधलं ते जनुक आम्ही मोडलंय. मुद्दाम, आमच्या हातांनी. ते काय काम करतं हे कळावं म्हणून. शेतातल्या उंदरिणीत ते असं मोडलेलं नसतं. आणि माणसांच्या आयांबद्दल असं काही कुणी दाखवलेलं नाही. तुमच्या मुलीला आजार झालाय. बाळंतपणानंतर पुष्कळ बायकांना होतो. त्याला गोळ्या आहेत."

"गोळ्या?"

"हो. नगरमध्येच मिळतात. डॉक्टरांना दाखवलं की काही आठवड्यांत फरक पडतो."

कृपादान तिथंच एका खोक्यावर बसला. खोक्यात काचसामान होतं, पण त्याला उठ म्हणायची माझी हिंमत झाली नाही. "हे मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं," मॅडम म्हणाल्या. "मोडलंय म्हणून सांगायला हवं होतं." त्या रडायला लागल्या. तो रडला नाही. थोड्या वेळानं उठला आणि उंदीरघरात जाऊन पाणी बदलायला लागला, कारण पाणी बदलायची वेळ झाली होती.

डॉक्टरीण चांगली भेटली. गोळ्या सुरू झाल्या. ग्लोरिया आधी झोपायला लागली, मग जेवायला, मग हसीनाच्या पोराकडं बघायला. एक दिवस स्वतःच्या हातानं केस विंचरले, वेणी घातली आणि म्हणाली, "पप्पा, अनुग्रहला कधी आणायचं?" घरात त्याचं नाव तोपर्यंत कुणी काढत नव्हतं.

मी बोलणं टाकलं होतं, पण गाडी माझ्याकडंच होती. म्हणून मी त्यांना कोपरगावला घेऊन गेलो. नगर-मनमाड रस्त्याबद्दल काही बोलू नये. उसाच्या ट्रॉल्या, खड्डे, आणि मागच्या सीटवर बसलेली ती पोरगी मांडीवर एक नवं झबलं घेऊन. झबलं लहान होणार हे मला दिसत होतं. तिनं ते, बाळ कोपरगावला नेलं त्या वेळच्या मापाचं घेतलं होतं.

अनुग्रह साळूबाईच्या कडेवर होता. दात आलेले, गुटगुटीत. ग्लोरियानं हात पुढं केले. त्यानं तिच्याकडं बघितलं, मग आजीच्या मानेत तोंड खुपसलं आणि भोकाड पसरलं. साळूबाई म्हणाली, "अनोळखी मानसाला बुजतो तो." वाईट मनानं म्हणाली असं मला वाटत नाही. खरं तेच म्हणाली. ग्लोरियानं हात खाली घेतले.

नोहानं आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. कृपादाननं डॉक्टरांचं सगळं सांगितलं. आजार होता, बरा झाला, पोरगी आता ठणठणीत आहे, दोघांनाही घरी ठेवून घे.

"मामा," नोहा म्हणाला, "पाळकसाहेबांसमोर तुम्हीच म्हणालात. रक्तात आहे, औषध नाही. आता म्हणता गोळ्यांनी बरी झाली. उद्या गोळ्या सुटल्या म्हणजे?"

"मी चुकलो, नोहा. मला कळलं न्हवतं."

"तेव्हा चुकलात की आत्ता चुकताय, हे मी कसं ओळखू?"

भेटायला कधीही या, नोहा म्हणाला, पण बाळ इथंच राहील आणि ग्लोरियानं तूर्त भिंगारलाच राहावं. ग्लोरियानं झबलं साळूबाईच्या हातात दिलं आणि गाडीत जाऊन बसली.

परत येताना राहुरीच्या अलीकडं एका टपरीवर मी गाडी थांबवली. माझा संताप संताप झाला होता. मी म्हणालो, कोर्टात जाऊ. एवढं लहान पोर, कुठलाही जज आईच्या ताब्यात देईल. आजच्या आज वकील बघू.

"कोर्टात पप्पांना उभं करतील, भाऊसाहेब काका," ग्लोरिया म्हणाली. "तुम्ही काय म्हणाला होतात, ते सगळ्यांसमोर विचारतील."

"मग विचारू दे," कृपादान म्हणाला. "राहीन उभा. सांगीन, येडा हुतो मी." त्याच्या हातातला चहा तसाच होता. मग तो खाली बघत म्हणाला, "पन एक सांग, बाळा. त्या दिवशी तू उठली का न्हाई? मी दाराआड हुतो."

"माहीत होतं मला. दाराखालून तुमचे पाय दिसत होते."

"मग?"

"मला सारखं वाटायचं, मी त्याला हातात घेतलं की माझ्या हातून काहीतरी होईल. त्याला आपटीन, नाहीतर दाबीन. दिवसभर तेच डोळ्यांपुढं दिसायचं. कुणाला सांगायची लाज वाटायची. म्हणून मी हात मांडीखाली दाबून धरले होते, त्याला लागू नयेत म्हणून. तुमचे पाय दिसले तेव्हा मला जरा धीर आला. म्हटलं, पप्पा आहेत, ते आत येतील आणि उचलतील. तुम्ही यायला फार वेळ लावलात, पप्पा."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. कृपादाननं ग्लास बाकावर ठेवला. हात कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. समोरून उसाची एक ट्रॉली धूळ उडवत गेली.

"माझ्या आईनंबी हात पदराखाली घेतलं हुतं," तो म्हणाला. ही गोष्ट मी त्याच्या तोंडून शंभरदा ऐकली असेल, पण या वेळी ती त्यानं मला सांगितली नाही. पोरीलाही नाही. पाच वर्षांचं पोर मान पुढं करून बसावं, तसा तो मान पुढं करून बसला होता.

ग्लोरियानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग आम्ही गाडीत बसलो.

त्याच महिन्यात त्यानं नोकरी सोडली. आता तो आणि ग्लोरिया रविवारी देवळातून परस्पर कोपरगावला जातात. कोर्टाचं मी अजून अधूनमधून काढतो, ती नको म्हणते. अनुग्रह आता चालायला लागलाय. ग्लोरिया अंगणात बसते, तो तिच्या आसपास खेळतो, कधी तिच्या बांगड्या ओढतो. पडला, रडला, तर तिच्यासमोरून उठून घरात आजीकडं पळतो. तोपर्यंत तिचे हात पुढं झालेले असतात.